कुणाची पाठ?

रेक्समच्या इस्पितळात, धुलाईखात्याच्या वर
लायब्ररी. रात्रपाळी उतरून गेले,
म्हटलं, बेडसोअरवर काहीतरी द्या.

ग्वेनेथबाईंनी काहीच दिलं नाही.
खुर्ची ओढली. ‘कुणाची पाठ?’

मग सांगत बसले: सात नंबरचे आजोबा,
कोळशाच्या खाणीत वाकलेले.
आणि माझा निबंध, दोनदा नापास.

कीबोर्ड माझ्याकडे सरकला.
चार हजार निकाल. ‘एक शब्द घाल.’
सहाशे. ‘अजून.’
एकोणीस.
त्यांचे हात मांडीवरच,
पोहायला शिकवणाऱ्याचे असतात तसे,
पाण्याखाली, अंगाला न लागता.

रात्री आजोबांना पूर्ण कुशीवर नाही,
जरासंच कलतं केलं. पोटऱ्यांखाली उशी,
टाचा अधांतरी.
शिवी आली, वेल्शमधली,
नेहमीपेक्षा हळू.