सतरा आटे

मी वाजवत नाही.
मी स्टूल वर-खाली करतो.
कुतैसीच्या संगीतशाळेत एकवीस हिवाळे हेच माझं काम:
पोर विंगेतून निघायच्या आत मंचावर जायचं,
मान खाली, कुणाकडे न बघता,
स्क्रू फिरवायचा, पायांखाली लाकडी पेटी सरकवायची
आणि नाहीसं व्हायचं.

मुलांची नावं मला उशिरा कळतात.
आधी कळतात आकडे.
ओतिया, नऊ आटे.
जुळ्या बहिणी, बारा आणि साडेबारा,
त्या अर्ध्या आट्यावरून दोघींत अबोला.
एतेरी, सतरा.
सतराला स्क्रू संपतो.
त्यावर शब्दकोशाचा एक जाडा खंड, आणि त्यावर एतेरी.

त्या वर्षी वीज दिवसातून दोन तास यायची,
कधी, ते वीजवाल्यांनाही ठाऊक नसायचं.
फुटक्या काचांना पुठ्ठे,
तरी रिओनीवरचा वारा तिकीट न काढता आत.
बायको सकाळी बटाटे उकडायची,
मी ते कोटाच्या खिशांत भरून आणायचो,
आणि विंगेत रांगेनं उभी पोरं,
प्रत्येकाच्या मुठीत एक बटाटा,
बोटं वितळवत.
वाजवून झालं की खायचा.
आधी खाल्ला तर वेनेरा बाई कान धरायच्या.
मीठ माझ्याकडे, कागदाच्या पुडीत.

एतेरी सहा वर्षांची.
घरचा पियानो पिठाच्या दोन पोत्यांवर गेला होता.
ती खिडकीच्या कट्ट्यावर सराव करायची, आई सांगे,
आणि चुकली की कट्ट्याला म्हणायची, माफ कर.

स्पर्धेच्या दिवशी सहा मेणबत्त्या.
पहिला भाग तिनं असा वाजवला
की सभागृहातल्या लोकांनी हातमोजे काढले,
का काढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.
मग दोन भागांमधली ती जागा,
खोकण्यापुरती.
तिनं मान वळवली. बोटानं मला बोलावलं.

एकवीस वर्षांत
असं कुणी बोलावलं नव्हतं.
गेलो. वाकलो.
तिनं तळव्यावर काहीतरी थुंकलं आणि माझ्या हातात दिलं.
दात. ओला, कोमट, तांदळाच्या कणीपेक्षा थोडा मोठा.
"धर. हरवू नकोस."
आणि संथ भाग सुरू केला.

ते दुःख तिचं नव्हतं.
कधीच मातीत मिळालेल्या कुणा जर्मन माणसाचं होतं,
पण त्याच्या घराचा पत्ता तिला ठाऊक होता,
जिन्यातली मोडकी पायरीसुद्धा.
तिबिलिसीहून आलेले परीक्षक चष्मा पुसत होते,
पुसता पुसता थांबले,
चष्मा हातातच राहिला.

लोक म्हणतात, देणगी.
वेनेरा बाई म्हणतात, रोजचे चार तास.
मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं सुचत नाही.
विंगेत मूठ मिटून उभा होतो,
मुठीतला दात गार होत चालला होता,
आणि जी बोटं हे वाजवत होती
त्यांची नखं कुरतडलेली होती.
एवढंच मी पाहिलं.

टाळ्या.
ती स्टुलावरून घसरली, मागोमाग शब्दकोश.
लोकांकडे पाठ, लवायचं विसरून
थेट माझ्यापाशी.
"माझा दात?"
मेणबत्तीपाशी नेऊन उलटसुलट पाहिला,
बदलला तर नाही ना.

"उंदराला देणार का गं?"
"आमच्याकडचे उंदीर गेले," ती म्हणाली.
"राहून खातील काय?"

मग खिशातला बटाटा काढला,
पुडीत बुडवला, उजव्या बाजूनं चावला,
आणि मीठ नव्या भोकात शिरलं तसा
असा काही चेहरा केला
की विंगेतली सगळी रांग हसली,
जुळ्यासुद्धा, एकदमच.

निकाल काय लागला
ते वेनेरा बाईंना विचारा.