राखीव

फॉर्मवर रकाने नऊ.
उंची : पाच फूट साडेआठ, बूट काढून.
वजन : एकसष्ट, मेसचं जेवण सुरू झाल्यापासून.
जागा : पॉइंट गार्ड,
म्हणजे शार्दुल बोबडे दमला, सुजला किंवा चिडला तर.

लंकेश गेडाम. झरीकडचा.
या हंगामात सामने एकोणीस, मिनिटं त्र्याहत्तर,
त्यातली अर्धी आपण वीसने मागे असतानाची,
जेव्हा लोक मोटरसायकली काढायला लागलेले असतात
आणि स्कोअरर निमसरकारांचं पेन
कानामागे गेलेलं असतं.

सेठजींना सोमवारी आकडा हवा. करार पुढे न्यायचा की नाही.
दहापैकी किती, एवढंच.
कापूस घेताना ते चिमूटभर ओढून बघतात,
धागा किती लांब, ओल किती,
त्यांना वाटतं माणसाचंही तसंच असणार.
बावीस वर्षं मलाही तसंच वाटत आलं.

तर ओढून बघतो.

डावा हात कच्चा.
लांबून टाकतो तेव्हा रिंग नुसती वाजते.
बचावात पाय हलतात, पण खांद्याचा धक्का सोसत नाही.
चेंडू गमावले : एकवीस.
या आकड्याखाली मी दोनदा रेघ मारली होती.

मग परवा रात्री व्हिडिओ लावला,
निमसरकारांच्या पोरीनं मोबाइलवर काढलेला,
अर्धं चित्र कुणाच्या तरी टोपीचं.
एकवीस वेळा थांबवून पाहिलं.
त्यात माझाच आवाज : कोणाले देऊन राहिला बे!

सात चुका त्याच्याच, वाद नाही.
चौदा वेळा चेंडू रिकाम्या कोपऱ्यात गेला,
जिथं समोरच्यांचा बचाव फाटला होता,
जिथं आपला माणूस पोचायला हवा होता
आणि तो अजून वळतच होता.
चेंडू वेळेवर होता.
नोंद मात्र गेडामच्या नावावर.

शार्दुल थांबतो. सोबतचा किती हळू आहे ते ओळखून
तेवढाच हळू होतो. म्हणून तो पहिला.
हेही कसब आहे, मी कमी लेखत नाही.
पण ज्याला फार आधी दिसतं त्यानं काय करावं,
हे पतियाळाच्या शिबिरातही
कुणी शिकवलं नाही मला.

डिसेंबरात जिनिंगची रुई उडते,
मैदानावर पांढरा थर बसतो, बूट घसरतात.
सामन्याआधी खराटा राखीव खेळाडूनं मारायचा, असा आमचा रिवाज.
झाडताझाडता हा मध्येच थांबतो,
टाच आपटतो, पुढे जातो.
काऊन बे, नाचून राहिला का?
‘नाही सर, इथं टप्पा मरते.’
सहा जागा दाखवल्या त्यानं, खालून पोकळ झालेल्या.
बावीस वर्षं याच काँक्रीटवर शिट्टी फुंकतो मी.
मला दोन ठाऊक होत्या.

काल बल्लारशाला निघताना विचारलं,
तूच सांग, दहापैकी किती देऊ तुले?
तो बाटल्या मोजत होता.
‘ते तुमी पाहा सर. दोन गळून राहिल्या,
नव्या लागते.’

रकाना आठवा, क्षमता.
लिहिलं : चेंडू पोचतो, संघ पोचत नाही.
खोडलं. सेठजी म्हणतील, मग संघच बदलू,
आणि बोबड्याचे मामा जिनिंगला ट्रक पुरवतात.
साडेसहा लिहिलं.
त्याचं सात केलं, तर कागद फाटल्यासारखा दिसायला लागला.

नववा, शेरा.
‘सरावात याला पहिल्या चौघांसोबत रोज चाळीस मिनिटं द्यावीत.
त्यांना पळू द्यावं.’

सही करताना बाहेर खराटा थांबला.
टाच वाजली, दोनदा.
सातवी असावी.