हत्याराचा रकाना

मिरजेच्या शवागारात एकवीस वर्षं
मलकारी माझ्यासाठी पट्टी धरतो.
काटकोनातली, काळ्या-पांढऱ्या घरांची.
फोटोत त्याचा अंगठा येतोच.
सांगलीच्या कोर्टात एकदा बचावाच्या वकिलानं विचारलं,
हा अंगठा कुणाचा?
मी म्हटलं, मयताचा नाही
आणि आरोपीचाही नाही.
न्यायाधीश हसले नाहीत.

जिवंत माणसंही येतात, हवालदारामागून.
मी मोजते लांबी, रुंदी, खोली,
जखमेचं वय, साधी की गंभीर,
आणि शेवटचा रकाना: हत्यार.
बोथट. धारदार.
कधी नुसतंच, शक्यता नाकारता येत नाही.

दोन वर्षं आम्ही मुक्या माराचे रंग नोंदवले.
पुस्तकात लिहिलंय,
पहिल्या दिवशी लाल, मग निळा,
पाचव्याला हिरवा, आठवड्यानं पिवळा.
पुस्तकातला माणूस गोरा आहे.
जतच्या माळावर रापलेल्या पाठीवर
हिरवा उगवतच नाही.
दोनशे बारा पाठी, दंड, मांड्या,
आणि मलकारी दिवा तिरका धरून म्हणायचा,
"दिसत न्हाई मॅडम, पर हात लावा, हितं ऊन लागतंय."
तक्त्यात ऊन लिहायला जागा नव्हती.
मी समासात लिहीत गेले.

तंबाखू त्यानं इथंच धरली,
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात,
विहिरीतून काढलेल्या एका माणसाशेजारी,
वासावर उतारा म्हणून.
पुढं तोच वास त्याला वाचता यायला लागला.
पोट उघडायच्या आधी सांगायचा,
द्राक्षावरचं औषध की उसातलं.
व्हिसेराचा अहवाल सहा महिन्यांनी यायचा
आणि मलकारीशी सहमत असायचा.

मग गालाच्या आत एक पांढरा चट्टा.
तेहतीस बैठका ठरल्या.
गरम पाण्यातून काढलेली जाळी
चेहऱ्यावर दाबून बसवली, टेबलाला अडकवली.
"आडवं कसं पडायचं ते म्हाईत हुतं," म्हणाला,
"श्वास घीत पडायचं, एवढंच नवं."

अठराव्या बैठकीनंतर आला, मफलर सोडला.
"मोजा."
मी हातमोजे घातले. मग काढले.
मानेची उजवी बाजू, कानाच्या पाळीखालून गळ्याच्या हाडापर्यंत,
अकरा बाय सात सेंटिमीटर.
कडा सरळ.
इतक्या सरळ कडा मी कुठल्या मारात पाहिल्या नव्हत्या.
कातडी काळवंडलेली, घडीत सोललेली,
आणि सोललेल्याखाली तो गुलाबी,
पुस्तकातल्या माणसाचा.
पट्टी त्यानंच धरली, स्वतःच्या मानेला,
आरशाशिवाय, बरोबर काटकोनात.
"हत्यार काय लिवनार?"

हेतूला आमच्या फॉर्मात रकाना नाही,
तो पोलिसांचा विषय.
मी पेन घेऊन नुसती उभी.
तो बाटलीतलं पाणी तोंडात फिरवत होता,
लाळ सुकली होती, वासही गेला होता.
"आता कुटं ह्या कामाच्या लायकीचा झालो,"
म्हणाला आणि हसला,
अर्ध्या दाढीतून.
उरलेल्या अर्ध्यात आता दाढी येत नाही.

तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे.
मापं भरलेली. वय भरलेलं: अंदाजे चार दिवस.
त्याखाली मी कंसात लिहिलंय,
हात लावल्यावर ऊन लागतं.

काल त्यानं तासगावचे बेदाणे आणले, कागदाच्या पुडीत.
बाहेरच्या बाकावर बसून एक जिभेवर ठेवला,
बराच वेळ, पुरावा ठेवतात तसा.
मग एक माझ्या तळहातावर.
"गोड हायत का, तुमी सांगा."
साक्षीच्या पिंजऱ्यात इतक्या वर्षांत
मी एवढं सरळ उत्तर दिलेलं नाही.
हो, म्हटलं. गोड आहेत.
देठाशी जरा आंबट.
मलकारीनं मान हलवली,
जेवढी हलते तेवढी.