शून्य कुठं

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी आणि तबस्सुम शिकलगार
आलेखाचे सुटे भाग घडवत होतो.
आडवा अक्ष, उभा अक्ष, त्यावरचे आकडे,
बोट ठेवलं की उघडणारी इवलीशी चौकट.
एकदाच नीट करू, म्हणायची ती,
मग कुणीही न्यावं, कुठंही बसवावं.
तिचे आजोबा मिरजेत सतारीच्या खुंट्या कातायचे.
एकीची खुंटी दुसरीला कधी बसत नाही,
हे हसत सांगायची
आणि आमची बसलीच पाहिजे म्हणून
रात्री अकराला पुन्हा तपासायला घ्यायची.

पहिलं गिऱ्हाईक आदगोंडा मगदूम, हळदीचे अडते.
पडद्यावर त्यांच्या दराची रेघ निजलेली,
क्विंटलमागं पन्नास वर, तीस खाली.
"हे मेलंय का काय ओ?
सौद्याला आमचा जीव खालीवर होतोय,
तो कुठाय ह्यात?"
मी उभ्या अक्षाचा पाय उचलला,
शून्यावरून काढला
आणि सगळ्यात पडत्या दराच्या जरा खाली टेकवला.
डोंगर उभे राहिले. दऱ्या पडल्या.
मगदूमांनी चहा मागवला, निघताना भडंगाचा पुडा दिला.
मी तो पाय तसाच ठेवला लायब्ररीत.
वेगळं काही सांगितलं नाही,
तर हेच.

दोन वर्षांनी, श्रावणात,
हरिपूरच्या निर्मला कोष्टीनं आमचे भाग नेले.
ग्रामपंचायतीत बसते ती, संगणकावर.
घाटावरच्या पट्टीचे आकडे भरले
आणि पान गावाच्या ग्रुपवर टाकलं.
वेगळं काही सांगितलं नाही.

त्या रात्री पाणी सात इंच चढलं.
रेघ चौकटीच्या माथ्याला टेकली.
गल्लीनं टीव्ही माळ्यावर चढवले, पिठाचे डबे चढवले,
शिंप्यानं मशीन खांद्यावर घेतलं, पायडलसकट.
कुणीतरी म्हैस सोडून टेकाडावर नेली.
उजाडलं तेव्हा कृष्णा खालच्या पायऱ्यांशीच होती,
एक कुत्रं पुढचे पाय भिजवून पाणी पीत होतं.

निर्मला भांडली नाही.
फोनवर एवढंच म्हणाली,
"आकडे बरोबर होते, मी दोनदा बघितले.
शिंप्याची पाठ धरलीय."

आम्ही तो पाय काढून टाकला.
आता तो भाग आधी विचारतो, शून्य कुठं?
आणि सांगितल्याशिवाय काही काढत नाही.
सकाळी नऊला मगदूमांचा फोन,
"बंद पडलंय. हळदीचं शून्य कुठं असतंय, मला काय ठाऊक?"
मलाही ठाऊक नव्हतं.
या म्हटलं दुपारी, बसून बघू.

निर्मलानं मात्र उत्तर भरलं होतं,
आकड्याच्या जागी अक्षरं:
घाटाची खालची पायरी.
कोड तिथंच अडला, लाल झाला.
तबस्सुम त्या ओळीकडं बघत राहिली,
चहावर साय धरली तरी.
मग म्हणाली, चूक म्हणून नको नोंदवूस ही.
जरा थांब.