समासातली पेन्सिल

हार्लिंगेनच्या वाचनालयात
खिडकीजवळची खुर्ची माझी.
तसं कुठे लिहिलेलं नाही,
पण आउक्या तिथे दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.
पेपरवर पेन्सिलीने लिहू नका, म्हणते,
आणि मी गेल्यावर
माझ्याच खुणा वाचत बसते.

आज पान तीन.
बांधामागच्या कुरणात डेटा सेंटर उभं राहणार.
मंत्रिमहोदय म्हणतात, पाणी लागेल, पण फारसं नाही.
मी समासात लिहितो: फारसं नाही म्हणजे किती बादल्या?
म्हणतात, रोजगार येईल.
लिहितो: आकडा कुठाय?
म्हणतात, सगळं ढगात साठवलं जाईल.
इथे पेन्सिलीचं टोक मोडतं.
साहेब, ढगांचा तुटवडा
आमच्याकडे कधीच नव्हता.
कोरड्या जमिनीचा होता.

चौतीस वर्षं मी पंपघरात काढली.
समुद्राच्या पातळीखाली झोपणाऱ्या माणसाला
धोरण म्हटलं की एवढंच कळतं:
बांध किती उंच, डागडुजी कधी,
आणि रात्री दोनला किल्ली कुणाकडे.

पान पाच. 'नागरिक केंद्रस्थानी.'
असेल.
भोवऱ्याच्याही केंद्रस्थानी काहीतरी असतं,
बुडणारं.

गेल्या मंगळवारी पेन्शनच्या कचेरीचं पत्र:
तुम्ही तुम्हीच आहात, हे फोनसमोर सिद्ध करा.
धरला फोन. डावीकडे वळा. वळलो.
डोळे मिचकावा. मिचकावले,
या वयात, भर स्वयंपाकघरात, एकटाच.
'चेहरा जुळत नाही.'
कशाशी, ते सांगत नाहीत.
मदतीच्या नंबरावर एक गोड आवाजाची बाई,
श्वास न घेता बोलणारी.
तेर्पस्त्रा हे आडनाव तीनदा विचारलं, तीनदा चुकली.
म्हटलं, बाई, एखादा माणूस द्या.
म्हणाली, क्षमा करा,
आपण 'मासा' म्हणालात का?

मी यंत्रांचा वैरी नाही, हेही लिहून ठेवा.
कानातलं हे इवलंसं नसतं
तर टेर्स्केलिंगच्या बोटीचा भोंगा
मी केव्हाच विसरलो असतो.
नात ऑकलंडहून बोलते, तिचे दात दिसतात,
पुढचा एक पडलाय तोही.

आणि एक गोष्ट.
पंपघराच्या वहीत ती नाही.
शहाऐंशीचा नोव्हेंबर, वायव्येचा वारा.
काटा म्हणत होता, पाणी चढतंय.
मी कंदील घेऊन गेलो,
भिंतीवर रंगवलेली पट्टी पाहिली,
मनाशी म्हटलं, काटा अडकलाय.
माझ्या डोळ्यांवर माझा फार विश्वास.
परत येऊन अंगावर घोंगडी ओढली.
काटा खरा होता.
फेन्स्त्राच्या गोठ्यात मांडीभर पाणी,
दोन वासरं गेली.

उजाडताच फेन्स्त्रा माझ्या दारात.
तोंडाला येईल ते बोलला.
मी ऐकून घेतलं.
मग बादली घेऊन त्याच्या मागे गेलो,
संध्याकाळपर्यंत गोठा उपसला,
दोघंही अवाक्षर न काढता.

आता काटा चुकला
तर फेन्स्त्राच्या पोराने कुणाच्या दारात जायचं?
मंत्री म्हणतील, कंत्राटदार.
कंत्राटदार म्हणेल, मॉडेल.
मॉडेल म्हणेल,
आपली गैरसोय झाली, दिलगीर आहोत,
पाचपैकी किती तारे द्याल?

टोक करायला उठलो.
आउक्याच्या टेबलावर शार्पनर असतो,
दोरीने बांधलेला, माझ्याच भीतीने.
परत आलो
तर पान तीनवर, माझ्या 'किती बादल्या'खाली
निळ्या शाईत, घाईचं अक्षर:
गुरुवारी साडेसात, नगरपालिकेचं सभागृह.
तिथे विचारा. कॉफी मिळते.

मी इकडेतिकडे बघतो.
चार म्हातारे, एक झोपलेलं पोर,
आणि आउक्या,
कपाटाकडे तोंड करून
एकच पुस्तक पुन्हा पुन्हा पुसणारी.

खाली लिहितो:
उत्तर द्यायला कोण असेल? माणूस?
जरा थांबून, खोडरबर शोधता शोधता,
'मासा' शब्दही लिहून टाकतो.

कपाटाच्या बाजूने
दाबलेलं हसू ऐकू येतं.
यंत्र चालू आहे माझं.