मीठ किती

रविवारी पाळक म्हणाले,
बोलण्यात मीठ असू द्या.
मागच्या बाकावर कोर्कोर हसली.
किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

घानाच्या किनाऱ्याला, सोंगोर खाजणात
ती वीस वर्षं मीठ ओढते आहे, गुडघाभर पाण्यात.
मासळी कशानं टिकते
आणि कशानं वाया जाते, तिला ठाऊक आहे.
टाचेच्या भेगेत एक खडा गेला
की दिवसभर देवसुद्धा आठवत नाही.

मामलेशी बोलणं बंद आहे ईस्टरपासून.
एका टोपलीवरून. खरं तर टोपलीवरूनही नाही,
मामलेनं ती गोष्ट बाजारभर
तिखटमीठ लावून सांगितली, त्यावरून.

सोमवारी पहाटे दोघी एकाच बांधावर.
वारा नाही. पाण्यावर पांढरी साय.
कोर्कोरच्या जिभेवर सात वाक्यं तयार होती,
तीन महिने नीट वाळवलेली.
मामलेनं पाय पाण्यात टाकला
आणि ओठ चावला.

"थांब," कोर्कोर म्हणाली,
"आधी टाचांना शिया बटर लाव. माझ्याकडे आहे."

मामलेनं डबी घेतली. आभार मानले नाहीत.
दुपारी परत केली तेव्हा
आत दोन बोटांची खूण होती,
आणि झाकण तिनं पदराला
पुसून आणलं होतं.