पाचशे एकावा

सातपूरच्या कारखान्यात, ईडीपीच्या खोलीत
मे महिन्यातही स्वेटर घालून बसायचो आम्ही.
गारवा मशीनसाठी होता.
गायधनी साहेबांनी पेन्सिलीने लिहून दिलं : कामगार ४३८.
झंपरात माया ठेवतात तशी मी थोडी जागा ठेवली.
ऑकर्स ५०० टाइम्स. पूर्णविराम.

कंपायलर कडक, शाळेतल्या पाटणकर बाईंसारखा.
एकदा मुद्दाम ५०१ लिहून पाहिलं,
त्याने ओळ क्रमांकासकट चूक पदरात घातली.
मला वाटलं, झालं, आता घोर नाही.
पण आकड्याच्या जागी नुसतं ‘आय’ लिहिलं
तर त्याला काय कळणार
त्या आयमध्ये उद्या कोण येऊन बसणार आहे?
तो कागद वाचतो. गेटवर उभा राहत नाही.

चालताना तपासायचीही सोय होती. मीच बंद ठेवली.
तिच्यामुळे पगाराला पन्नास मिनिटं जास्त लागायची
आणि वीज पहाटे साडेचारला जायची.

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात नवी भट्टी आली,
सटाण्याकडची, कळवणकडची पोरं भरती झाली.
सहा तारखेच्या रात्री प्रोग्रॅम कुठेच अडला नाही.
प्रिंटर खरखरत राहिला. मी चहा प्यायले.

सकाळी खिडकीशी भिला अहिरे, हातात स्लिप :
ओव्हरटाइम, अठरा हजार चारशे बारा रुपये.
‘बाई, एवढी भट्टी मी नाही हो ओढली.’

मेमरीत टेबलाला लागून कँटीनची बेरीज होती.
पाचशे एकावा भिंत ओलांडून तिच्या घरात शिरला,
आणि साऱ्या कारखान्याचे चहा-पोहे
त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होत गेले.

‘म्हणजे मला जागाच नव्हती?’
लिहिताना नव्हती, मी म्हटलं. चालताना तुम्ही आलात.
‘सटाणा गाडीत पण असंच असतं,’ म्हणाला,
आणि स्लिप घडी न करता परत दिली.

त्या दुपारी ५०० खोडून ९९९ केलं.
त्यापुढे जाता येईना, आय तीनच आकड्यांचा,
हजाराव्याला तो शून्य म्हणाला असता.

हजारावा आलाच नाही.
भट्टी विझली त्या वर्षी यादीत दोनशे बारा नावं होती.
तरी शेवटच्या पगारालाही प्रोग्रॅमने
सुरू होताच आधी नऊशे नव्याण्णव जागा झाडल्या,
एकेकीत शून्य मांडलं,
आणि मग पहिलं नाव वाचायला घेतलं.